पेन्सिलीची फुली

सकाळी सव्वासहाला दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागलेली असते. पन्हाळा तालुक्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. आत काट्यावर दूध ओतलं की दोन ठिकाणी आकडा उजळतो: एक सचिवांच्या बाजूला, एक दूध घालणाऱ्याच्या बाजूला. काट्याला दोन तोंडं कशाला, असं तिथे कुणाला विचारलंत तर माणसं तुमच्याकडेच बघत राहतील. आपलं दूध किती भरलं ते आपल्याला दिसायला नको? मग नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) येतं, दर निघतो, चिठ्ठी फाटते. दर दहा दिवसांनी बिल होतं.

मी पुण्यात अ‍ॅप डिझाइन करते. नेमकं सांगायचं तर लोक अ‍ॅप कसं वापरतात, कुठे अडतात, काय वाचतात आणि काय वाचतच नाहीत, हे त्यांच्या शेजारी बसून बघते आणि त्याप्रमाणे स्क्रीन बदलते. या कामाला यूएक्स म्हणतात. त्या वर्षी आमच्याकडे दूध उत्पादकांसाठीचं एक अ‍ॅप होतं. रोजची चिठ्ठी फोनवर, बिल फोनवर, पशुखाद्याची मागणी फोनवर. मी इचलकरंजीची, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. चार गावं फिरायची, पंधरा-वीस घरांत बसायचं, असा बेत होता.

एका काकींच्या सोप्यात बसले होते. वय साठीच्या पुढे, दोन म्हशी, एक गाय, मुलगा एमआयडीसीत कामाला. त्यांनी पदराला हात पुसले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे तेवढं बघ की गं. दर बिलाला तीस रुपये जात्यात."

"कशाचे?"

"मला काय म्हाईत. तुम्हीच कापताय न्हवं?"

बिलाच्या स्क्रीनवर 'कपात' असा एक रकाना होता. त्यात पशुखाद्य, उचल, ठेव आणि या सगळ्यांच्या खाली 'पशुसल्ला सेवा ३०' अशी ओळ. फोनवर जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची ती सोय. महिन्याला तीन बिलं, म्हणजे नव्वद रुपये. म्हशीच्या दुधाच्या हिशेबात बघायचं तर दोन लिटरला थोडे कमी. काकींनी त्या नंबरवर एकदाही फोन केला नव्हता. अशी सेवा आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

मला मात्र माहीत होतं. नाव नोंदवताना शेवटच्या स्क्रीनवर एक चौकोन यायचा, त्यात हिरवी टिक आधीच केलेली. ती स्क्रीन मीच केली होती.

मी त्यांना ती स्क्रीन उघडून दाखवली. "काकी, ही टिक तुम्ही काढली नाहीत का?"

त्या माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाल्या, "मी कशाला काढू? तुम्ही शानी मानसं. तुम्हीच आधी करून ठिवलीया म्हटल्यावर ती बराबरच असनार की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

ती टिक आली कुठून, ते सांगते. पुण्यातल्या एका मीटिंगमध्ये स्लाइड लागली होती. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असते. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांचा २००३ सालचा अभ्यास, विषय अवयवदान. जर्मनीत दाता व्हायचं तर स्वतःहून नोंद करावी लागायची, तिथे संमती होती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात उलटं. तिथे काही कळवलं नाही तर तुम्ही दाता धरले जाता, आणि संमती ९९.९८ टक्के. दोन्हीकडे भाषा एक, संस्कृती बरीचशी सारखी. फरक एवढाच की माणसाने काहीच केलं नाही तर काय धरायचं. यालाच डिफॉल्ट म्हणतात. मीटिंगमधल्या सगळ्यांनी तो ९९.९८ पाहिला आणि पुढच्या आठवड्यात आमच्या चौकोनात टिक आली.

त्या स्लाइडवर काय नव्हतं ते मला नंतर, मूळ निबंध वाचताना कळलं. एक तर ऑस्ट्रियातला तो आकडा कागदावरच्या संमतीचा आहे. प्रत्यक्ष दान किती होतं ते रुग्णालयाची व्यवस्था आणि घरच्यांशी होणारं बोलणं यांवरही ठरतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच निबंधात एक छोटा ऑनलाइन प्रयोगही आहे. त्यात तीन गट होते. पहिल्या गटाला सांगितलं, तुम्ही दाते नाही, व्हायचं असेल तर बदला. त्यातल्या ४२ टक्के लोकांनी होकार दिला. दुसऱ्याला सांगितलं, तुम्ही दाते आहात, नको असेल तर बदला. तिथे ८२ टक्के दाते राहिले. तिसऱ्या गटापुढे आधी काहीच ठरवलेलं नव्हतं, हो किंवा नाही हे त्यांनाच निवडायचं होतं. तिथे ७९ टक्के.

मला हा तिसरा आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. लोकांना सरळ विचारलं तर ते सरळ उत्तर देतात, आणि त्या प्रयोगात ते उत्तर होकाराचं होतं, कारण मुळात त्यांना ती गोष्ट हवी होती. म्हणजे सेवा खरंच हवीशी असेल तर टिक आधी करून ठेवायची फारशी गरज उरत नाही. आमच्या मीटिंगमध्ये तिसरा गट कुणी काढलाच नाही. मीही नाही.

डिफॉल्ट का चालतं, याची कारणं शिकवताना तीन सांगतात. एक कष्ट: बदलायला वेळ लागतो, डोकं लागतं. दुसरं, जे हातात आहे ते सोडणं जिवावर येतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलं त्याप्रमाणे शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. तिसरं कारण वर्गात घाईघाईत उरकलं जातं आणि नेमकं तेच काकींच्या तोंडून आलं. लोक डिफॉल्टला सल्ला समजतात. क्रेग मॅकेंझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हेच दाखवलं होतं: ठरवणाऱ्याने एखादा पर्याय आधीच निवडून ठेवला असेल तर त्याच्या मते तोच चांगला असणार, असा अर्थ माणसं काढतात. हा आळस नव्हे, समजूतदारपणा आहे. जाणत्या माणसाने काही करून ठेवलंय तर त्यामागे काही कारण असेल, असं धरूनच आपण सगळे जगतो.

आपल्याकडे तर हे आणखी खोल गेलेलं आहे. माझ्या आजोबांची पेन्शन इचलकरंजीतल्या एका बँकेत यायची. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. काउंटरवरचे गृहस्थ फॉर्म भरून द्यायचे आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारायचे. आजोबा चष्मा लावून फक्त फुली शोधायचे. फॉर्मवर काय लिहिलंय ते त्यांनी एकदाही वाचलं नसेल, आणि वीस वर्षांत त्यांचं एका रुपयाचंही नुकसान झालं नाही, कारण फुली मारणारा माणूस भला होता. सेतू केंद्रात, तलाठ्याकडे, संस्थेच्या कचेरीत आजही हेच चालतं. फॉर्म दुसरा भरतो, आपण फुली बघतो.

काकींनी आमची हिरवी टिक अशीच पाहिली होती. पेन्सिलीची फुली म्हणून. आणि आम्ही त्या भल्या गृहस्थाच्या खुर्चीत बसून त्यांच्याच विश्वासावर तीस-तीस रुपये कापत होतो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती लिहायला मला वेळ लागला. टिक फक्त सुरुवात होती. टिक काढायला गेलं की एक खिडकी उघडायची. त्यात मोठं हिरवं बटण, 'सेवा चालू ठेवा', आणि त्याच्या खाली कडेला राखाडी अक्षरांची बारीक ओळ: 'नको, मला माझ्या जनावरांची काळजी नाही'. ती ओळ मी लिहिली होती. इंग्रजी मसुदा आला होता, तो मराठीत मी आणला, आणि चांगला जमला म्हणून मला शाबासकीही मिळाली होती. ज्या बाई पहाटे चारला उठून म्हशीला वैरण घालतात, म्हस आजारी पडली तर गोठ्यातच झोपतात, त्यांना नव्वद रुपये वाचवायचे असतील तर आधी 'मला माझ्या जनावरांची काळजी नाही' यावर अंगठा टेकवावा लागणार होता. शेजारच्या गावात एका बाईंनी ती ओळ माझ्यासमोर मोठ्याने वाचली आणि काही न बोलता फोन उलटा करून ठेवला.

आणि अंगठा टेकवायचा म्हटलं तरी तो टेकणार कसा? पॉल फिट्स यांचा १९५४ सालचा नियम आहे. एखाद्या ठिकाणी बोट नेऊन टेकवायला किती वेळ लागेल, ते ठिकाण किती लांब आणि किती मोठं आहे यावर ठरतं. मोठं आणि जवळ असेल तर पटकन, बारीक आणि लांब असेल तर वेळ लागतो, चुका होतात. आम्ही हा नियम शिकतो तो बटणं सोपी करायला. तिथे तो उलटा वापरला होता. शिवाय दूध काढून आलेला हात ओला असतो आणि ओल्या बोटाला फोनचा पडदा धड दाद देत नाही. मी शेजारी बसून बघितलं: काकींनी राखाडी ओळीवर चार वेळा अंगठा टेकवला, चारही वेळा हिरवं बटण लागलं. त्या म्हणाल्या, "मला अडानीला न्हाई जमत ह्ये."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. शिकलेल्या माणसांकडूनही. दार ढकलायचं की ओढायचं कळलं नाही तर माणूस दाराला दोष देत नाही, स्वतःला देतो. डिझाइनवर लिहिणारे डॉन नॉर्मन गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत की दार चुकीचं आहे, माणूस नव्हे. मला ते पाठ होतं. पण जिथे दार मुद्दामच चुकीचं बसवलंय, तिथे माणसाने स्वतःला अडाणी म्हणवून घ्यावं आणि ते बसवणारी त्याच्याच सोप्यात चहा पीत बसलेली असावी, हे पाठ करून कळत नाही.

भाषेचंही एक सांगायला हवं, कारण ते पुण्यात बसून मला कधीच सुचलं नसतं. इंग्रजीत जिथे पुढची पायरी सोडून द्यायचं बटण होतं, तिथे मी 'वगळा' लिहिलं होतं. शब्दकोशाप्रमाणे बरोबर. पण दूध संस्थेच्या सभासदाला 'वगळा' म्हटलं की एकच गोष्ट आठवते: यादीतून नाव वगळणं. एक आजोबा त्या बटणाला हातच लावेनात. "सभासदत्व जाईल," म्हणाले. तिथे आता 'हे नंतर बघू' असं लिहिलंय.

त्याच मुक्कामात मी काकींना विचारलं, मशीनवर मत देताना कधी चुकल्यासारखं वाटलं का. "त्यात काय चुकायचं? चिन्न बघायचं, निळं बटन दाबायचं. लाल दिवा लागतोय, पीऽऽक वाजतंय. झालं." मग आठवून म्हणाल्या, "आन् आता ती काचंत चिठ्ठी बी दिसत्या." ती चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली पडते.

मतदान यंत्राचं घडवलेलं रूप पवईचं आहे, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात ए. जी. राव आणि रवी पुवय्या या प्राध्यापकांनी केलेलं. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. अक्षर न येणाऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना एकच यंत्र, एका पाटीवर जास्तीत जास्त १६ बटणं, सगळी सारख्या मापाची, प्रत्येकाशेजारी दिवा. बटण दाबलं की डोळ्याला दिवा, कानाला आवाज. आमच्या भाषेत याला फीडबॅक म्हणतात: केलेलं पोचलं, हे यंत्राने लगेच कळवणं. एकदा मत पडलं की अधिकाऱ्याने पुन्हा सोडेपर्यंत ते दुसरं मत घेत नाही. आणि २०१३ पासून शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' असतं, तेही तेवढ्याच मोठ्या बटणाने. नकाराची अक्षरं राखाडी नाहीत. त्या यंत्रावर कुठलाही दिवा आधीपासून लागलेला नसतो. एका उमेदवारापुढे लाल दिवा आधीच लावून ठेवला आणि नको असेल तर बदला म्हटलं, तर आपण ते एक दिवसही खपवून घेणार नाही. दुधाच्या बिलात मात्र खपवून घेतो.

सगळीच डिफॉल्टं वाईट, असं माझं म्हणणं नाही. आमच्याच अ‍ॅपमध्ये घड्याळ बघून 'सकाळ' किंवा 'संध्याकाळ' आपोआप निवडलं जातं. ते योग्य आहे. मी आता स्वतःला एकच विचारते: समोरच्याने हे बघितलंच नाही तर फायदा कुणाचा? सकाळ-संध्याकाळच्या बाबतीत त्याचे कष्ट वाचतात. तीस रुपयांच्या बाबतीत पैसे आमच्याकडे येतात. ओल्या हाताची, पहाटेची, घाईची माणसं बघणार नाहीत हे माहीत असूनच ती टिक ठेवलेली असते.

पुण्यात परतल्यावर मी हे मांडलं. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी खलनायक नव्हतं. सगळ्यांनी मान हलवली आणि टिक तशीच राहिली, कारण आलेख चढता होता. मी काकींचा आवाज ऐकवला. त्यांच्या परवानगीने घेतलेला होता. दोन मिनिटं खोली शांत झाली, मग पुढचा विषय निघाला. तो पुढचा विषय मेनूत सातच्या वर पर्याय नसावेत हा होता. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधाचा दाखला. तो निबंध डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवता येतात याबद्दल आहे. मेनू तर डोळ्यासमोर असतो, लक्षात ठेवायचा प्रश्नच येत नाही. मानसशास्त्राची नावं आमच्याकडे अशी वापरली जातात: मेनूसाठी मिलर, टिकेसाठी जॉन्सन, आणि मूळ कागद कुणी उघडत नाही.

शेवटी बदल झाला तो माझ्या बोलण्याने नव्हे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हा शब्द हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये रूढ केला: माणसाला फसवून हवं ते करून घेणारी रचना. प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांची यादी दिली आहे. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात जादा वस्तू किंवा सेवा घुसवणं हा त्यात एक. नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावणं हा दुसरा, आणि त्याचं उदाहरण वाचून मी खुर्चीत ताठ बसले: विमानाच्या तिकिटाबरोबर विमा नको म्हटलं तर 'मी असुरक्षित राहीन' अशी ओळ. माझ्या जनावरांच्या ओळीची सख्खी बहीण. युरोपीय संघाने जादा पैशांसाठी आधीच केलेल्या टिकेला २०११ च्या निर्देशातच मनाई केली होती. आपल्याला बारा वर्षं उशीर झाला, पण आलं.

वकिलांचं पत्र आलं आणि जे वर्षभर जमत नव्हतं ते दोन आठवड्यांत झालं. ती स्क्रीन मी पुन्हा केली. आता तिथे 'हवी' आणि 'नको' अशी दोन बटणं आहेत, एका मापाची, एका रंगाची, दोन्ही रिकामी. बिलात त्या सेवेची ओळ कपातीच्या रकान्यात सगळ्यात वर येते आणि तिथेच 'बंद करा' आहे. ज्यांनी एकदाही फोन केला नव्हता त्यांना मागच्या तीन महिन्यांची कपात परत मिळाली. त्याआधीची मिळाली नाही. ते मला अजून सलतं.

गेल्या पावसाळ्याआधी पुन्हा त्या गावात गेले. काकींकडे नवा फोन होता, नाव नव्याने नोंदवायचं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. शेवटची स्क्रीन आली. काकी थांबल्या.

"ह्ये दोन्ही रिकामंच हाय की."

"हो. तुम्ही सांगायचं."

त्यांनी फोन जरा लांब धरला, मग माझ्याकडे वळल्या. "म्हंजे ही सेवा म्हंजे नक्की काय देत्यात?"

पहिल्या खेपेला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. एकाही घरात नाही. मी सांगितलं: फोन करायचा, जनावराचं काय दुखतंय ते सांगायचं, पलीकडे डॉक्टर असतो.

"रातीला उचलतोय का?"

मला माहीत नव्हतं. मी अंगणात जाऊन ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

ते ऐकून काकी हसल्या. "मग काय उपेग? माझी म्हस आत्तापातूर कवा दिवसा व्यालीया?" त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि 'नको' दाबलं. पहिल्या झटक्यात लागलं.